वॅगस्टाफ, हॅरल्ड

(१९ मे १८९१–१९ जुलै १९३९). इंग्रज रग्बी लीग खेळाडू व कर्णधार. जन्म यॉर्कशरमधील होमफर्थजवळ अंडरबँक येथे. खेळण्याची जागा सेंटर, म्हणजे मागच्या फळीच्या मध्यावरची. त्या जागेवरचा ‘राजपुत्र’ म्हणून तो ओळखला जाई.

रग्बीच्या सामन्यांसाठी कामगार खेळाडूंची मजुरी बुडे. तिची भरपाई द्यावी की नाही, या वादातून उत्तर इंग्लंडचे क्लब १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे जुन्या संघटनेतून बाहेर पडले आणि नॉर्दर्न युनियन स्थापन झाली; तिचाच खेळ पुढे रग्बी लीग म्हणून ओळखला गेला. १९०६ मध्ये तिने संघातील खेळाडू १५ वरून १३ वर आणले. मैदानात मोकळी जागा झाली, चेंडू हातोहात फिरू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॅगस्टाफ हडर्सफील्डकडून पहिला सामना खेळला, तेव्हा त्याचे वय अवघे १५ होते. १७ व्या वर्षी तो इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला.

स्वतः धावून गुण मिळवण्यापेक्षा बचाव फोडून नेमक्या क्षणी चेंडू सोडणे, हे त्याचे खरे कसब. त्याचा सहकारी, मैदानाच्या कडेला खेळणारा विंगर अल्बर्ट रोझेनफेल्ड याने १९१३-१४ च्या हंगामात ८० ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) केल्या. हा विक्रम अद्याप अबाधित आहे. त्याचे श्रेय मोजताना आतून चेंडू पुरवणाऱ्यांना विसरणे अन्यायाचे होईल. १९१४-१५ मध्ये वॅगस्टाफच्या नेतृत्वाखाली हडर्सफील्डने त्या हंगामातले चारही करंडक जिंकले. त्यांपैकी चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी सेंट हेलन्सला ३७-३ असे हरवले.

त्याची कारकीर्द मात्र सर्वाधिक स्मरते ती ब्रिटिश संघाचा कर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळलेल्या ४ जुलै १९१४ च्या सिडनी कसोटीमुळे. पहिल्या दोन कसोट्यांत दोन्ही संघांनी एकेक विजय मिळवला होता. आठ दिवसांतली ही तिसरी कसोटी; ब्रिटिश संघ दुखापतींनी खिळखिळा झालेला, तरी मायदेशातून खेळण्याचाच आदेश आला. बदली खेळाडूंची सोय त्या काळी नव्हती. फ्रँक विल्यम्सचा पाय दुखावला, डग्लस क्लार्कचे गळ्याचे हाड मोडले, बिली हॉल डोक्याला मार लागून बाहेर गेला. १३ ऑस्ट्रेलियनांसमोर उरले १० जण. वॅगस्टाफने फळी फोडून चेंडू चिक जॉन्सनकडे दिला. जॉन्सन खरा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला, पण जागा रिकामी पडल्याने विंगवर आलेला. त्याने चेंडू पायाने ढकलत नेऊन ट्राय केली. ब्रिटिश संघाने सामना १४-६ आणि मालिका २-१ अशी जिंकली. १८७९ च्या झुलू युद्धात मूठभर ब्रिटिश सैनिकांनी लढवलेल्या ठाण्यावरून या कसोटीला ‘रॉर्क्स ड्रिफ्ट’ हे नाव पडले.

महायुद्धात तो सैन्याच्या पुरवठा दलात होता. तिथे ग्रोव्ह पार्कच्या संघातून १५ जणांची रग्बीही खेळला. १९२० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे नेतृत्व पुन्हा त्याच्याकडेच आले. या वेळी ऑस्ट्रेलियाने मालिका जिंकली. १९२५ मध्ये तो निवृत्त झाला. वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्याचे निधन झाले. १९८८ मध्ये ब्रिटिश रग्बी लीगच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी निवडलेल्या पहिल्या खेळाडूंत त्याचा समावेश झाला.