दोन हजारात बास्केटबॉलचे शूज: घ्यायच्या आधी एकदा वाचा

नमस्कार मंडळी. दुकानात रोज कोणी ना कोणी विचारतंच, "काका, दोन हजारात बास्केटबॉलचे बरे शूज मिळतील का?" आणि काउंटरवर गर्दी असली की आम्ही पण "मिळतील ना, माप काय" एवढं बोलून मोकळे होतो, म्हणून हा कागद छापलाय. घरी न्या, चहा पिता पिता वाचा, पालकांनी तर नक्कीच वाचा कारण शेवटी पैसे तुमचेच जातात.

मिळतात. पण आधी सांगा, खेळता कुठे? मुंबईत निम्म्याहून जास्त मुलं शाळेच्या नाहीतर सोसायटीच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळतात, आणि सिमेंट म्हणजे पॉलिश पेपरच, सोल खातंच खातं. लाकडी फ्लोअरवर मऊ रबर छान चिकटतं, तेच मऊ रबर सिमेंटवर दोन-तीन महिन्यांत गुळगुळीत. आठ हजाराच्या शूजचं रबर बरेचदा असंच मऊ असतं कारण ते इनडोअर खेळासाठी बनवलेलं असतं, आणि स्वस्त जोडीला जाडजूड कडक रबर लावलेलं असतं, जे लाकडावर थोडं सरकतं पण सिमेंटवर टिकतं. म्हणजे कोर्ट चुकलं तर महागडी जोडी पण वायाच.

आता आमच्याकडची १,९९९ ची काळी-पांढरी जोडी. विकतोय म्हणून कौतुक करणार असं वाटेल, पण ही आम्ही आधी भाच्याच्या पायात घातली, तो कॉलेजच्या टीममध्ये गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारा चपळ गडी, म्हणून खेळतो, आठवड्यातून चार दिवस सकाळी सिमेंटवर दीड-दीड तास आणि कधीतरी रविवारी एका हॉलमध्ये लाकडी फ्लोअरवर. चार महिने घातली, पाचव्या महिन्यात आम्ही ती परत मागून घेतली आणि सोल टेबलावर ठेवून बघितला.

पहिले दोन दिवस तो वैतागला होता, म्हणे मामा सरकतात. नव्या सोलवर कारखान्यातला एक तुकतुकीत थर असतो, तो सिमेंटवर दोन सेशनमध्ये निघून जातो, त्याच्यानंतर ग्रिपबद्दल तक्रार नाही. सोलवर आडव्यातिडव्या व्ही आकाराच्या रेघा आहेत, अशी नक्षी सगळ्या दिशांना पकडते, पुढे पळताना पण आणि डिफेन्सला बाजूला सरकताना पण, म्हणून बास्केटबॉलच्या शूजना जुन्या काळापासून हीच चालत आलीय. लाकडी हॉलमध्ये मात्र धूळ असली की दर पाच मिनिटांनी तळहाताने सोल पुसावा लागला. ही या जोडीतली पहिली उणीव, मान्य आहे.

कुशनचं काय, तर महिनाभर मस्त, दुसऱ्या महिन्यापासून टाचेखाली फोम दबायला लागला. स्वस्त शूजमध्ये साधारण ईव्हीए नावाचा फोम असतो, हलका असतो, पाणी पीत नाही, पण रोज उड्या मारल्या की हळूहळू चपटा होतो आणि परत पूर्ण फुगत नाही. रिबाउंडला, म्हणजे बास्केटला लागून परत आलेला बॉल पकडायला, उडी मारून खाली येता तेव्हा पायावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो, तो सगळा या फोमनेच झेलायचा असतो, म्हणून सत्तर किलोच्या वरचा, सेंटरला म्हणजे बास्केटजवळ खेळणारा मुलगा आला तर आम्ही ही जोडी देत नाही, सरळ सांगतो की थोडे पैसे जमव आणि मग ये. हलक्या अंगाच्या गार्डला मात्र उलट फायदा, कोर्ट पायाखाली जाणवतं. आतला सुकतळा पातळ आहे, तो काढून तीनशेचा जाड सुकतळा टाकला तर फरक पडतो, पण मग माप अर्धा नंबर मोठं लागतं, हे घेतानाच बघा नाहीतर अंगठा चेपतो.

टाचेची पकड चांगली, मागचा कडक वाटीसारखा भाग चार महिन्यांत ढिला पडला नाही. पुढच्या बाजूला मात्र चवड्याजवळ सोल सुटायला लागला, तिसऱ्या महिन्यात. भाच्याने कोपऱ्यावरच्या मोचीकडून कडेने शिवून घेतला आणि खेळत राहिला. मुंबईत हे चालायचंच, पावसाळ्यातली हवा गोंदाला सोसत नाही. आता आम्ही गिऱ्हाइकांना आधीच सांगतो, आठवडाभरात शिवून घ्या, सुटल्यावर नको.

हिशोब करा. आठवड्याचे सहा तास, चार महिन्यांत शंभर तासांच्या आसपास, म्हणजे तासाला वीस रुपये. त्याच्याच टीममधल्या एकाने आठ हजाराची जोडी त्याच सिमेंटवर घातली, पाच महिन्यांत ग्रिप गेली, तासाला साठच्या वर पडले. तो मुलगा फक्त इनडोअर खेळला असता तर तीच जोडी दीडेक वर्ष सहज गेली असती आणि आम्हीच त्याला म्हटलं असतं की घे.

आता थोडं टॅक्सचं, कंटाळवाणं आहे पण कामाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टॅक्स सोडून अडीच हजारापर्यंत किंमत असलेल्या जोडीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे टॅक्स धरून २,६०० च्या जोडीत टॅक्स सव्वाशेच्या आसपास, आणि ३,००० च्या जोडीत साडेचारशेच्या वर. म्हणजे हा जो तीन हजाराच्या आगेमागचा पट्टा आहे ना, तिथे जास्तीच्या चारशेतले तीनशेच्या वर सरळ टॅक्सला जातात, रबराला आणि फोमला नाही. एकतर २,६०० च्या आत थांबा नाहीतर हिंमत करून चार-साडेचारला जा, मधल्यावर आमचा तरी जीव नाही.

स्वस्त शूज घालून कोर्टवर जायची मुलांना लाज वाटते, हे आम्ही रोज बघतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीए या अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या टीम खेळून गेल्या, त्याच्यानंतर महिनाभर पोरं मोबाइलवर फोटो दाखवून "हाच पाहिजे" म्हणत होती. त्यांना आम्ही स्टीफन मार्बरीची गोष्ट सांगतो. न्यूयॉर्क निक्सचा गार्ड, २००६ साली त्याने स्वतःच्या नावाचे शूज काढले, स्टारबरी, किंमत १४.९८ डॉलर, जेव्हा बाकी स्टार लोकांच्या नावाचे शूज शंभराच्या वर जात होते, आणि तेच शूज घालून तो एनबीएच्या मॅच खेळला. विकणारी दुकानांची साखळी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली ही गोष्ट वेगळी, ती आम्ही दुकानदार म्हणून हळू आवाजात सांगतो.

रनिंगचे शूज घालून खेळू नका, प्लीज. पळायचे शूज सरळ पुढे जायला बनवलेले असतात, टाच उंच आणि भुसभुशीत, बाजूला कट मारला की पाऊल कडेवरून घरंगळतं आणि घोटा मुरगळतो. बास्केटबॉलच्या शूजचा तळ रुंद असतो, बाहेरच्या कडेला सोल थोडा पुढे आलेला असतो, तेवढ्यासाठीच. आणि उंच कॉलर असली की घोटा सेफ असं जे सगळे म्हणतात ते तितकं खरं नाही, १९९३ साली अमेरिकेत सहाशेहून जास्त कॉलेजच्या खेळाडूंवर अभ्यास झाला होता, त्यात उंच आणि बुटक्या शूजमध्ये घोट्याच्या दुखापतीचा ठळक फरक दिसला नाही. म्हणून फक्त उंचीसाठी पाचशे जास्त मोजू नका.

दुकानात काय बघायचं तर शूज हातात घेऊन वाकवा, चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. मग ओलं धुणं पिळतो तसा पिळून बघा, फार सहज पिळला जात असेल तर तो फक्त फिरायचा शूज. खेळायचे मोजे घेऊन या आणि शक्यतो संध्याकाळी या, दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळचं माप मॅचला टोचतं. उभं राहून अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा पाहिजे. लेस बांधून दोन-चार वेळा बाजूला सरका, उड्या मारा, लाजू नका, आमच्या लाद्या मजबूत आहेत. लहान मुलांसाठी "वाढता पाय आहे, दोन नंबर मोठे द्या" असं म्हणू नका हो ताई, अर्धा नंबर बास, त्याच्या वर गेलं की आत पाय सरकतो आणि बोटांना फोड येतात.

घरी गेल्यावर एकच मोठी गोष्ट, हे शूज घालून स्टेशनवर जाऊ नका. लोकलचे जिने, फुटपाथ, खडी यातच निम्मी ग्रिप संपते, चप्पल घाला आणि शूज पिशवीत. भिजले तर उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, गोंद सुटतो, सुकतळा काढा, आत जुना पेपर कोंबा, दोन तासांनी पेपर बदला, पंख्याखाली ठेवा. मशीनमध्ये टाकू नका. आणि "ठेवणीतले" म्हणून माळ्यावर तर मुळीच टाकू नका, काही शूजचा सोल पीयू फोमचा असतो, तो न वापरताच दमट हवेत दोन-तीन वर्षांत आतून भुगा होतो, खोकं उघडल्यावर शूज नवेकोरे दिसतात आणि कोर्टवर पहिल्याच उडीत सोल हातात येतो, असे तीनजण आमच्याकडे येऊन गेलेत.

आमच्या बाजूने, ६० दिवसांत सोल सुटला तर फुकट चिकटवून शिवून देतो, परत सुटला तर जोडी बदलून देतो. ग्रिप घासली याची गॅरंटी नाही, ती तुमच्या कोर्टच्या हातात. माप चुकलं तर सात दिवसांत बदलून मिळेल, पण सोल कोरा पाहिजे, घरातल्या लादीवर घालून बघितलेलं चालेल. बिल सांभाळा, व्हॉट्सॲपवर फोटो काढून ठेवलात तरी बास.

दुकान दादर पश्चिमेला, सोमवारी बंद. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र येऊ नका, त्या गर्दीत बसायला स्टूल मिळत नाही आणि उभ्या उभ्या घेतलेलं माप नंतर बदलायला तुम्हालाच परत यावं लागतं.