मॅन्युअल कॅमेरा : कोकण किनाऱ्यावरचे छायाचित्रण

कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा हा निर्णय यंत्रावर न सोडता ॲपर्चर (लेन्सचे भोक), शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ) आणि आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील) ही तिन्ही मापे छायाचित्रकाराने स्वतः ठरवणे, याला मॅन्युअल छायाचित्रण म्हणतात. कॅमेऱ्याच्या डायलवर त्यासाठी ‘एम’ हे अक्षर असते. फोकस हाताने करणे ही निराळी गोष्ट. एम मोडमध्ये ऑटोफोकस चालू ठेवता येतो आणि शिकणाऱ्याने तो चालूच ठेवावा. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ही पद्धत शिकायला विशेष कारण आहे. इथे एकाच चौकटीत चकाकते पाणी, काळा कातळ, माडांची गर्द सावली आणि उन्हात रापलेला चेहरा असे सगळे एकत्र येते, आणि नेमका तिथेच ऑटो मोड गोंधळतो.

मीटर कसा फसतो

कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या वस्तूवरून परत येणारा प्रकाश मोजतो. ती वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला ठाऊक नसते. समोर जे आहे ते सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारे असणार, असे धरून तो हिशेब करतो. नव्या कॅमेऱ्यांतले मीटर चौकटीचे भाग पाडून, चेहरे ओळखून बरेच शहाणपणाने मोजतात. पण पाया हाच.

रत्नागिरी शहरात याचा पडताळा पायी फिरून घेता येतो. रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीकडचा काळा समुद्र. ही नावे पाण्यावरून पडलेली नाहीत, वाळूवरून पडली. निरभ्र दिवशी, ओहोटी साधून, अकराच्या सुमारास आधी पांढऱ्या वाळूने चौकट भरून ऑटो मोडवर एक फोटो घ्यावा, मग मांडवीला येऊन काळ्या वाळूचा तसाच एक. दोन्ही शेजारी ठेवले की पांढरी वाळू मळकट आणि काळी वाळू धुरकट फिकी दिसते. कोणती कुठली हे ओळखायला विचार करावा लागतो. आता आयएसओ १००, ॲपर्चर एफ/८ आणि शटर १/५०० सेकंद ही मापे हाताने लावून दोन्हीकडे पुन्हा फोटो घ्यावा. ऊन दोन्ही किनाऱ्यांवर सारखेच पडते, म्हणून मापेही तीच. या वेळी पांढरी वाळू पांढरी येते आणि काळी काळी. मॅन्युअल मोड कशासाठी, हे ज्याने हा प्रयोग केला त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यातून एक कामाचा आडाखा निघतो. प्रकाश दुप्पट करणे किंवा निम्मा करणे म्हणजे एक स्टॉप. पांढरी वाळू, फेसाळ लाट किंवा नुसते आकाश चौकटीत जास्त असेल, तर मीटर सांगेल त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप जादा प्रकाश द्यावा. ओला कातळ किंवा सावलीतली बाग जास्त असेल, तर एक स्टॉप कमी.

तीन मापे आणि त्यांचा हिशेब

प्रकाश दुप्पट करणे किंवा निम्मा करणे म्हणजे एक स्टॉप. ॲपर्चरची २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही चढण पाठच असावी; तिच्यातली प्रत्येक पायरी प्रकाश निम्म्यावर आणते. आकडा मोठा तर भोक लहान, हे नवशिक्याला उलटे वाटते. पण एफ-आकडा म्हणजे लेन्सच्या केंद्रांतराला (फोकल लेंग्थला) भोकाच्या व्यासाने दिलेला भाग आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे भोक एफ/२ ला २५ मिलिमीटरचे असते, एफ/८ ला सव्वासहा मिलिमीटरचे. शटरचा हिशेब सरळ : १/२५० वरून १/५०० वर गेले की प्रकाश निम्मा. आयएसओ वाढवला की मिळालेला संकेत मोठा करून दाखवला जातो, त्यामुळे अंधारात काम भागते आणि चित्रात दाणे दिसू लागतात. फिल्मच्या काळातली अमेरिकी एएसए आणि जर्मन डीआयएन ही मोजमापे १९७४ साली एकत्र करून आयएसओचे मानक ठरले, त्यावरून हे नाव.

एफ/८ आणि १/५००, एफ/११ आणि १/२५०, एफ/५.६ आणि १/१००० या तिन्ही जोड्यांत प्रकाश तेवढाच येतो, चित्र मात्र बदलते. पहिल्या दोन्हीपेक्षा तिसरीत लाटेचे थेंब जास्त गोठतात आणि मागची होडी धूसर होते. मॅन्युअलचे खरे शिक्षण या निवडीत आहे. एकूण प्रकाश बरोबर येणे ही फक्त सुरुवात.

मीटरकडे न बघता अंदाज बांधायचा तर ‘सनी सिक्स्टीन’ हा जुना नियम आजही उपयोगी पडतो. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवावे आणि शटर आयएसओच्या आकड्याइतके, म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१०० सेकंद. मळभ असेल तर एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/४. पोफळीच्या बागेत भर दुपारीसुद्धा याहून दोन-तीन स्टॉप जादा प्रकाश द्यावा लागतो. डोळा सावलीला पटकन सरावतो, म्हणून आपला अंदाज तिथे हमखास चुकतो. लांबवरचा देखावा टिपताना एफ/२२ पर्यंत जाऊ नये. भोक फार लहान झाले की प्रकाश कडेला वळून चित्र मऊ पडते; एफ/८ ते एफ/११ पुरेसे.

हर्णे बंदरावरची एक संध्याकाळ

दापोली तालुक्यातील हर्णे बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. समोर सुवर्णदुर्ग, उथळ पाण्यात उभ्या होड्या आणि त्यांच्यापासून किनाऱ्यापर्यंत मासळी आणणाऱ्या बैलगाड्या. सूर्य समुद्राच्या बाजूला कलतो, त्यामुळे पाण्याकडे तोंड केले की सगळे उजेडाच्या विरुद्ध येते. ऑटो मोड आकाश सांभाळतो आणि माणसे काळी करतो.

इथे आधी किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहावे. उतरते ऊन आपल्या पाठीवर असते आणि समोरच्या चेहऱ्यांवर सोनेरी पडते. आयएसओ ४००, एफ/५.६, १/५०० इथून सुरुवात करून एक चाचणी फोटो घ्यावा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, पाहावा. आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर शटर १/८०० करावे. पापलेटचे अंग आरशासारखे चमकते. त्या चमकीचा तपशील एकदा जळाला, म्हणजे नुसता पांढरा झाला, की नंतर कशानेच परत येत नाही, म्हणून टोपलीजवळ जाताना माप थोडे खालीच धरावे. मग समुद्राकडे वळायचे. आता दोन वाटा आहेत. सूर्याच्या शेजारच्या आकाशावर माप लावले तर गाडी, बैल आणि चाकातून निथळणारे पाणी यांची काळी आकृती मिळते. गाडीवानाचा चेहरा हवा असेल तर दोन-अडीच स्टॉप उघडून आकाश पांढरे पडू द्यावे. दोन्ही एकाच फोटोत मिळवायच्या हट्टात पुष्कळ चांगल्या संध्याकाळी वाया जातात.

लिलावाच्या घोळक्यात आणखी एक अडचण येते, निळ्या ताडपत्रीची. तिच्याखाली उभ्या माणसाच्या अंगावर वरून निळा उजेड आणि बाजूने पिवळे ऊन असा दुहेरी रंग पडतो. व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे चित्राचे रंग जुळवणाऱ्या मापाचा, कुठलाच आकडा दोन्ही सुधारू शकत नाही. मासळीवाल्या मावशीला विचारून टोपली दोन पावले उन्हात घेता आली तर घ्यावी. बोली चालू असताना मात्र काही विचारू नये आणि फ्लॅश तर मारूच नये. तो त्यांचा धंद्याचा वेळ असतो.

पाणी, पाऊस आणि मॅन्युअल सोडण्याची वेळ

खडकावर फुटणारी लाट १/१००० ला थेंबाथेंबाने सुटी दिसते, १/४ सेकंदाला तिची दुधाळ झालर होते. भर दिवसा एवढे सावकाश शटर चालवायला एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची गडद काच, लागते. दहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो, म्हणजे १/६० चे माप जवळपास १६ सेकंदांवर जाते. ट्रायपॉड ओल्या वाळूत लाटेगणिक रुततो, म्हणून तो कातळावर लावावा. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर विसंबू नये. उधाणाच्या दिवसांत तर पाण्याकडे पाठ करून व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नये.

पावसाच्या धारा दिसाव्यात तर १/६० ते १/१२५ आणि मागे गडद काहीतरी हवे. माडाची राई उत्तम. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालू असतो, दर मिनिटाला उजेड दोन-तीन स्टॉप वरखाली होतो. अशा वेळी पूर्ण मॅन्युअलचा आग्रह चुकीचा आहे. ॲपर्चर आणि शटर आपण ठरवून आयएसओ ऑटोवर सोडावा, किंवा ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो) वापरावी, जी कॅननवर ‘एव्ही’ आणि निकॉनवर ‘ए’ या अक्षराने दिसते. सूर्य बुडाल्यानंतरच्या अर्ध्या तासातही हेच सोयीचे, कारण आपल्याकडे संधिप्रकाश झरझर ओसरतो.

तिरप्या उजेडाची कामे : कातळशिल्पे

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळ-पठारांवर, कोरलेली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी ही त्यांतली माहितीतली ठिकाणे. कशेळीचा प्रचंड हत्ती आणि त्याच्या अंगात कोरलेले प्राणी पाहायला लोक दुपारी पोहोचतात आणि फोटोत काहीच आले नाही म्हणून हळहळतात. खोदरेषा उथळ आहेत. डोक्यावरचे ऊन त्यांच्या तळापर्यंत पोहोचते आणि सावली उरतच नाही. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा पाऊण तास एवढाच खरा वेळ. ऊन रेषेला आडवे पडेल अशा बाजूला उभे राहून आयएसओ १००, एफ/८ ठेवावे आणि शटर उजेडाप्रमाणे लावावे. जांभा गडद असल्याने मीटर त्याला उजळ करू पाहतो. अर्धा ते एक स्टॉप कमी केला की दगडाचा तांबूसपणा टिकतो. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरणे सर्वस्वी गैर आहे. त्याने शिल्पाची हानी होते आणि चित्र खोटे होते.

रात्रीचे खेळ

शिमग्यात गुहागर-दापोलीकडे निघणारे सोंग म्हणजे संकासूर. तो नखशिखांत काळ्या पोशाखात असतो, वर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू. काळा पोशाख चौकटीत भरला की ऑटो मोड त्याला राखाडी करतो आणि दाढी जाळून टाकतो. माप दाढीवर घेऊन, ती पांढरी म्हणून, एक ते दीड स्टॉप जादा द्यावा. काळे आपोआप काळे राहते.

सिंधुदुर्गात जत्रांतून रात्रभर चालणाऱ्या दशावताराचा प्रश्न वेगळा, तिथे दिव्यांशी सामना असतो. घरगुती वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/५०० च्या शटरला फोटोत आडवे काळे पट्टे येतात किंवा लागोपाठच्या फोटोंचा उजेड बदलतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की पूर्ण लुकलुक एका फोटोत सामावते. काही एलईडींची गती याहून निराळी असते, तिथे शटर थोडे मागेपुढे करून पाहावे. १/१०० ला युद्धप्रसंगातले हात धूसर येणारच; पात्र क्षणभर थबकते तो क्षण ओळखावा. आयएसओ १६०० ते ३२००, एफ/२.८ असेल तर काम चालते. रंगमंचामागे एका पिवळ्या बल्बखाली रंगभूषा करणारे कलावंत टिपताना व्हाइट बॅलन्स ३००० केल्विनच्या आसपास ठेवावा, मात्र पिवळेपणा पूर्ण घालवू नये. त्या खोलीचा रंगच तो असतो.

मंडणगड तालुक्यातील वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात, तिथे फ्लॅश आणि टॉर्च वर्ज्य. पिल्ले उजळ क्षितिजाकडे चालतात, कृत्रिम उजेडाने त्यांची दिशा चुकते. वाळूवर पालथे पडून, आयएसओ वाढवून, १/२५० ला मिळेल ते घ्यावे.

शिकण्याची रीत

फोनच्या ‘प्रो’ मोडमध्येही बहुतेक सगळे शिकता येते. तिथे ॲपर्चर सहसा बदलत नाही, शटर आणि आयएसओ हातात राहतात. कॅमेरा कोणताही असो, पहिले काही दिवस आयएसओ एकाच आकड्यावर ठेवावा आणि कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी माप मनाशी बोलून मग मीटरशी ताडून पाहावे. घराची ओटी, अंगण, माडाची सावली आणि पुळण एवढ्या चारच जागा रोज मोजल्या तरी पंधरवड्यात अंदाज एका स्टॉपच्या आत येऊ लागतो. फाइल रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवली तर व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो, पण सावकाश शटरमुळे हललेले चित्र कुठल्याही फाइलीत सुधारत नाही.

खारे वारे आणि बुरशी

एसीच्या गाडीतून किंवा खोलीतून थेट किनाऱ्यावर आणलेल्या कॅमेऱ्याची लेन्स क्षणात धूसर होते. बाहेर पडण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालावा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच राहू द्यावा, म्हणजे दव पिशवीवर धरते. लेन्स बदलताना वाऱ्याकडे पाठ करावी. घरी आल्यावर ओलसर कापडाने बाहेरचे मीठ पुसावे, आणि ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवावेत, नाहीतर सांधे गंजून धरतात. पावसाळ्यात चार महिने कपाटात बंद राहिलेल्या लेन्सवर आतून बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात आणि काचेवरचा थर कायमचा खराब होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी. डब्यात तांदूळ घालू नयेत, त्यांचा कोंडा लेन्सच्या रिंगांत शिरतो. ऊन पडेल त्या दिवशी लेन्स बाहेर काढून, पुढची-मागची झाकणे उघडून, घरात खिडकीपाशी थोडा वेळ उजेडात ठेवावी.