खाणीचा गाळ आणि शेतातले तण

डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या गोव्याच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातील तालुक्यांत पावसाळ्यात ओहोळांचे पाणी तांबडे होते, आणि ते ज्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या शेतात, शिरते तेथे ओसरताना बारीक मातीचा थर ठेवून जाते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तरी उपसून ठेवलेल्या मातीचे ढिगारे जागेवरच राहिले, आणि वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात ते झिजत राहणे ओघानेच आले. भाताचे नुकसान सर्वांना दिसते. तणांकडे मात्र कोणी पाहत नाही, कारण तण ही बेणून मेरेवर फेकायची वस्तू.

गाळाचा पहिला परिणाम रासायनिक नसतोच. भातशेतातील बहुतेक तणांचे बी अतिशय बारीक असते; त्यात अन्नसाठा थोडा आणि अनेक जातींना रुजण्यासाठी उजेड लागतो. दोन-चार सेंटिमीटर गाळ बसला की असे बी अंधारात पडून राहते. उलट लव्हाळ्यासारखे तण जमिनीतील कंदावर जगते आणि त्या साठ्याच्या जोरावर बऱ्याच खोलीवरून वर येते. म्हणून गाळ बसलेल्या, पण पाणी तुंबून न राहणाऱ्या जमिनीत ‘तण वाढले’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा वाढलेले असते ते एखाददुसऱ्या जातीचे तण. बाकीच्या जाती मुकाट्याने गायब झालेल्या असतात.

रसायनशास्त्र सुरू होते ते पाणी साचल्यावर. कोरड्या मातीत लोह गंजाच्या रूपात असते आणि ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे मुळांना त्याचा उपद्रव नसतो. शेत पाण्याखाली गेले की मातीतील प्राणवायू संपतो, जिवाणू या गंजाचाच श्वसनासाठी वापर करू लागतात आणि लोहाचे विद्राव्य रूप तयार होते. गोव्याची जांभ्याची माती मुळातच आम्ल असल्याने ते अधिक प्रमाणात विद्राव्य राहते. मग भाताची पाने तपकिरी ठिपक्यांनी भरतात. पाणथळ जागी वाढणाऱ्या पाणकणसासारख्या वनस्पतींच्या देठांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून मुळांभोवती झिरपणारा प्राणवायू लोहाचा पुन्हा गंज करून टाकतो. अशा रोपाचे मूळ उपटून पाहिले तर त्यावर तांबूस लेप दिसतो. ही सोय भातालाही आहे, पण सर्व तणांना नाही, आणि निवड होते ती येथेच. शिवाय लोहाचे कण स्फुरद धरून ठेवतात, त्यामुळे थोड्या स्फुरदावर भागवणाऱ्या जातींचे फावते.

एकाच जातीतही चाळण लागते. वेल्समधील जुन्या धातुखाणींच्या ढिगाऱ्यांवर वाढणाऱ्या गवतांचा अभ्यास अँथनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर केला. ढिगाऱ्यावरचे गवत धातू सोसणारे, तर काही मीटरांवरच्या कुरणातले त्याच जातीचे गवत न सोसणारे निघाले. सोशिक गवत स्वच्छ मातीत मात्र शेजाऱ्यांपुढे सहसा मागे पडते. सोसण्याची किंमत त्याला वाढीतून मोजावी लागते.

प्रदूषण म्हणजे केवळ धातू नव्हेत. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथील ब्रॉडबाल्क शेतात 1843 पासून चाललेल्या गव्हाच्या प्रयोगात, तणनाशक कधीच न मारलेल्या भागात, खत न दिलेल्या वाफ्यांत तणांच्या जाती अधिक आणि भरपूर नत्र दिलेल्यांत कमी आढळतात. कारण वेगळे, पण जाती कमी होणे तेच.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक बाजू आहे, ती ताटातली. पावसाळ्याच्या सुरुवातीला मेरेवर आणि रस्त्याकडेला उगवणारा तायकिळा (टाकळा) आपण आवडीने खातो, आणि शेतीशास्त्राच्या व्याख्येने तोही तणच आहे. मुळांनी घेतलेले लोह बहुतांशी मुळांतच अडकते, परंतु गोव्याच्या खनिजात त्याच्या सोबतीने येणारे मँगनीज सहज पानांपर्यंत चढते. म्हणून भाजी खुडताना वरच्या अंगाला खाणीच्या मातीचा ढिगारा आहे का, आणि पावसाचे पाणी कोठून वाहत येते, एवढे पाहून घ्यावे. मेरेवर चरणाऱ्या गुरांना ही निवड करता येत नाही.