भेग पडायलाही जमिनीत जीव लागतो

एप्रिल उजाडला की वर्तमानपत्रात तो फोटो येतोच. भेगाळलेली काळी जमीन, कडेला कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी आणि वर मथळा 'मराठवाड्याला दुष्काळाच्या झळा'. झळा खऱ्याच, पण फोटोचं रान चुकतं. आष्टी-पाटोद्याकडच्या बालाघाटावर, मुरमाड जमिनीत पीक लवकर करपतं, पण तिथे कितीही ऊन तापलं तरी अशी भेग पडत नाही. ती पडते गोदाकाठच्या, परभणी-गंगाखेडच्या भारी जमिनीत. पाय अडकेल एवढी रुंद, कधी मीटरभर खोल.

हा खेळ स्मेक्टाइट नावाच्या खनिजाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट झिजून ते तयार झालं. त्याची रचना दोन भाकरींत पिठलं भरल्यासारखी असते: वर-खाली सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी, मध्ये ॲल्युमिनियमची. असा एक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाड. गंमत पिठल्यात आहे. तिथे काही ठिकाणी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेलं असतं. ॲल्युमिनियमवर तीन धनभार, मॅग्नेशियमवर दोनच. ही तूट राहते म्हणून अख्खा थर ऋणभारित होतो. ती भरून काढायला दोन थरांच्या फटीत कॅल्शियमसारखे धन आयन येऊन बसतात आणि त्यांना पाण्याची भारी ओढ. पाणी फटीत शिरतं, थर एकमेकांपासून दूर सरकतात, जमीन फुगते. पाणी उडालं की थर मिटतात. सगळ्या रानातले कण एकदम आकसल्यावर जमीन कुठेतरी फाटणारच! कोकणातल्या जांभ्याच्या मातीत केओलिनाइट असतं. त्याचे थर हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरलेले, पाण्याला आत वाटच नाही.

शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमचा आतला-बाहेरचा मिळून पृष्ठभाग ७०० चौरस मीटरच्या घरात जातो. चिमूटभर मातीत सात गुंठे! एवढ्या पृष्ठभागाला चिकटलेलं पाणी मुळांना सहजी सुटत नाही. हवेच्या दाबाच्या साधारण १५ पट ताकद लावूनही ते निघेना, की बहुतेक पिकं मान टाकतात. त्या घडीला वाळूत पाणी जवळपास संपलेलं असतं, भारी जमिनीत मात्र वजनाच्या वीसेक टक्के शिल्लक असू शकतं. हाताला ओल लागते आणि ज्वारी सुकते, ते यामुळे.

१९९३ च्या किल्लारीनंतर आमच्याकडे रुंद भेग दिसली की कुणीतरी भूकंपाचं नाव काढतंच. भूकंप कित्येक किलोमीटर खाली जन्मतो, ही भेग वरच्या चिकणमातीतली. जमीन कायमची भुसभुशीत करून देतो म्हणत बाटल्या विकणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं, की थरांतला विद्युतभार बाटलीतल्या औषधानं जात नसतो.

आमची रब्बी ज्वारी मुरलेल्या ओलीवरच येते. भेग पडली की तिच्या भिंतींतून खालची ओलही उडते, वर मुळं तुटतात ती वेगळीच. म्हणून तर 'एक कोळपणी, अर्धं पाणी' म्हणतात. कोळपणी म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती कोळप्यानं हलवणं. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात पहिली, पाचव्यात दुसरी आणि आठव्यात दातेरी कोळप्यानं तिसरी, अशी शिफारस आहे. भेगा बुजवते ती ही तिसरीच. पण तोवर ज्वारी वर आलेली असते, ट्रॅक्टर आत घालता येत नाही, बैल तर कधीच विकले. मग नेमकी तीच राहून जाते.