समोच्चारित इंग्रजी शब्द

उच्चार एकच, पण स्पेलिंग आणि अर्थ वेगळे, अशा इंग्रजी शब्दांना समोच्चारित शब्द किंवा होमोफोन म्हणतात. देवनागरीत लिहिले की त्यांच्यातला फरक पुसलाच जातो. रात्र 'नाइट' आणि घोडेस्वार सरदारही 'नाइट'. पाहणे 'सी' आणि समुद्रही 'सी'.

हे शब्द मुळात सारखे उच्चारले जात नव्हते. सरदाराच्या 'नाइट'मधला आरंभीचा 'के' पूर्वी स्पष्ट ऐकू येई. सतराव्या शतकाच्या सुमारास तो बोलण्यातून गळला, कागदावर मात्र राहिला. समुद्र आणि पाहणे यांचे स्वरही निराळे होते. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकत गेले आणि दोन्ही शब्द एकाच उच्चारावर येऊन ठेपले. याच काळात, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढे छपाईमुळे स्पेलिंग गोठत गेले आणि उच्चार बदलतच राहिले. म्हणून विचित्र वाटणारे स्पेलिंग हा बहुधा जुन्या उच्चाराचा पुरावा असतो.

काही जोड्या तर एकाच शब्दाच्या दोन फांद्या आहेत. 'स्टेशनरी'चे उदाहरण फार बोलके आहे. लॅटिनमध्ये एका जागी ठाण मांडणाऱ्याला जो शब्द होता, तोच गावोगाव न फिरता दुकान मांडून बसणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला लागला. शेवटच्या 'वाय'आधी 'ए-आर' असेल तर अर्थ 'स्थिर', 'ई-आर' असेल तर 'लेखनसाहित्य'. पीठ आणि फूल यांचा 'फ्लॉवर'ही मूळचा एकच: पीठ म्हणजे दळलेल्या धान्यातला उत्तम भाग, जणू त्याचे फूल.

शब्दसमूहांतही असेच होते. 'शुड हॅव' बोलताना आखडते आणि 'हॅव'च्या जागी 'ऑव्ह' लिहिले जाते. ऐकणाऱ्याने आपल्या समजुतीने अर्थ लावून घडवलेल्या अशा चुकीच्या रूपांना 'एगकॉर्न' हे नाव भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००३ मध्ये सुचवले. 'एकॉर्न', म्हणजे ओकचे फळ, कुणीतरी 'एगकॉर्न' असे लिहिले होते. 'इट्स' म्हणजे 'त्याचे' की 'इट इज'चे आखडलेले रूप, हे ठरवायला साधी कसोटी पुरते: त्याच्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' बसले तरच वर स्वल्पविरामासारखी खूण द्यावी.

मराठी कानाला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांत फरक जाणवत नाही, त्यामुळे द्राक्षवेल आणि मद्य दोन्ही 'वाइन'च होतात. इंग्रजीत मात्र ते वेगळेच उच्चारले जातात. मद्याचा शब्द लॅटिन 'व्ही'चा उच्चार 'डब्ल्यू'सारखा होता तेव्हाच जर्मानिक, म्हणजे इंग्रजी ज्या कुळातली त्या, भाषांत आला. वेलीचा पुढे फ्रेंचमधून.