हालापेन्झ (हंगेरी)

हंगेरीच्या सरकारी रुग्णालयांत उपचारांबद्दल रुग्ण किंवा नातेवाईक डॉक्टर-परिचारिकांना पाकिटात घालून हातोहात देत ती वरची रक्कम. शब्दशः अर्थ ‘कृतज्ञतेचा पैसा’. साम्यवादी काळात रुजलेली ही प्रथा १९८९ च्या सत्तांतरानंतरही तीस वर्षे टिकली आणि १ जानेवारी २०२१ पासून फौजदारी गुन्हा ठरली.

या प्रथेचे मूळ डॉक्टरांच्या पगारात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर आरोग्यसेवेचे राष्ट्रीयीकरण होऊन डॉक्टर सरकारी नोकर झाले आणि त्यांचे पगार तुटपुंजे राहिले. उपचार कागदोपत्री मोफत. डॉक्टरांची तूट रुग्ण भरून काढतील, हे सरकारने जणू गृहीतच धरले. म्हणून हालापेन्झला नुसती लाचखोरी म्हणून भागत नाही. सरकारी पगारपत्रकातला तो न लिहिलेला रकाना होता. अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी देशांतल्या टंचाईचे जे विश्लेषण केले, ते इथे चपखल बसते: सेवा फुकट असली की रांग लागते, आणि मग रांगेतल्या जागेलाच भाव येतो.

पाकिटाचा रिवाज सर्वांत पक्का होता तो बाळंतपणात. गरोदरपणातच डॉक्टर ठरवला जाई. कळा मध्यरात्री सुरू झाल्या तरी त्यानेच यावे, ही त्यामागची अपेक्षा. दर कुठे लावलेला नसे. तो बहिणी, मैत्रिणी, कचेरीतल्या बायका यांच्याकडून काढून घ्यायचा. घरी सोडायच्या दिवशी पाकीट पांढऱ्या कोटाच्या खिशात सरकवले जाई. डॉक्टर ‘अहो, कशाला’ म्हणत, पण खिशाकडे हात नेत नसत. सुईण आणि परिचारिका यांचे वेगळे, लहान. खेड्यांतून घरची पालिंका (फळांची दारू) किंवा कोंबडीही येई.

वाटणी अर्थातच विषम होती. शल्यचिकित्सक आणि प्रसूतितज्ज्ञ यांची चंगळ. प्रयोगशाळेत किंवा क्ष-किरण विभागात बसणाऱ्याचे तोंडच रुग्णाला दिसत नाही, तेव्हा त्याला कोण देणार? एकाच विभागातही पाकिटे वरिष्ठांकडे जात आणि शस्त्रक्रिया कोणाला करू द्यायची हेही तेच ठरवत. रात्रपाळ्या काढणारा निवासी डॉक्टर दोन्हीकडून कोरडा. प्रथेविरुद्धचा आवाज पुढे तरुण डॉक्टरांतूनच उठला, यात नवल नाही.

कायदा बराच काळ आधी आणि नंतर या फरकावर उभा होता. उपचारापूर्वी मागितले तर गुन्हा, उपचार संपल्यावर स्वखुशीने दिले तर चालून जाई. प्राप्तिकर कायद्यात तर हे करपात्र उत्पन्न म्हणून नमूद होते. विवरणपत्रात ते किती प्रामाणिकपणे भरले जात असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

२००७ मध्ये सरकारने डॉक्टरांच्या भेटीमागे ३०० फोरिंट (हंगेरीचे चलन) असे अधिकृत शुल्क लावले. त्याहून कितीतरी मोठी पाकिटे निमूटपणे देणारा समाज या पावतीच्या पैशावर मात्र खवळला आणि ९ मार्च २००८ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांनी शुल्क रद्द केले. पाकिटातून आपल्याला आपला डॉक्टर मिळतो, शुल्कातून काहीच वेगळे मिळत नाही, असा हा हिशेब असावा.

२००४ मध्ये हंगेरी युरोपीय संघात गेल्यावर जर्मनी, ऑस्ट्रिया, ब्रिटनची दारे उघडली आणि डॉक्टर देश सोडू लागले. २०११ मध्ये निवासी डॉक्टरांच्या संघटनेने सामूहिक राजीनाम्यांचा इशारा दिला. पुढे ‘पाकीट न घेणारे १००१ डॉक्टर’ अशा अर्थाचे नाव घेऊन एक गटही उभा राहिला. २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, वैद्यक परिषदेनेच (हंगेरियन मेडिकल चेंबर) पगारवाढीच्या बदल्यात बंदी मागितली. ऑक्टोबर २०२० च्या कायद्याने पगार टप्प्याटप्प्याने दुपटीहून अधिक वाढवले आणि देणारा-घेणारा दोघांनाही गुन्हेगार ठरवले. उपचारानंतरची किरकोळ भेटवस्तू तेवढी चालते. तिची किंमत किमान वेतनाच्या ५ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. बनावट रुग्ण पाठवून डॉक्टरांची परीक्षा पाहण्याचा अधिकार पोलिसांच्या अंतर्गत दक्षता यंत्रणेला मिळाला.

त्याच कायद्याने डॉक्टरांच्या खासगी कामावरही बंधने आली. काही हजार कर्मचाऱ्यांनी त्यानुसारच्या नव्या नोकरीच्या करारावर सही केली नाही. सरकारी रुग्णालयात आता प्रसूतीसाठी डॉक्टर निवडता येत नाही. ऐपत असलेल्या अनेक स्त्रिया खासगी प्रसूतिगृहात जातात आणि पाकिटाऐवजी पावती घेऊन त्याहून बरेच जास्त पैसे भरतात.