छापा, पोलीस (पुणे)

छापा, पोलीस : संशयित माणूस, शस्त्र, अमली पदार्थ किंवा बेकायदा धंदा अमुक जागी असल्याची बातमी मिळाल्यावर आतल्यांना सावध होऊ न देता पोलिसांनी त्या जागेत शिरून केलेली कारवाई. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात 'छापा' ही वेगळी संज्ञा नाही. तिथे प्रवेश, झडती, जप्ती व अटक यांचा सुटा सुटा विचार आहे. पोलीस ठाण्यात मात्र या सगळ्याला मिळून 'रेड' म्हणतात. मटका, जुगार, हातभट्टी यांवरच्या धाडी सर्वांच्या परिचयाच्या असल्याने येथे त्यांचा विस्तार केलेला नाही. प्रस्तुत नोंद सशस्त्र छापे, त्यांतली शिस्त आणि चुकीने झालेल्या मृत्यूंची जबाबदारी यांपुरती आहे.

मराठीत हा शब्द आला तो लष्करी व्यवहारातून. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शायिस्ताखानावर शिवाजी महाराजांनी घातलेला छापा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. जुन्या लिखाणात छापा 'घालतात'. 'टाकणे' हे वर्तमानपत्री वळण अलीकडचे. 'धाड' हा शब्द दरोडेखोरांकडूनही वापरला जाई, म्हणून असेल कदाचित, सरकारी कागदांना तो फारसा रुचला नाही.

पुण्यातील पूर्वपीठिका : शहरातल्या पोलिसी घरझडतीची सुरुवात कोठून मानावी, याविषयी दोन मते आहेत. एक मत ती पेशवाईतील कोतवालीपर्यंत नेते. कोतवालाकडे रात्रीची गस्त, चोरांचा शोध आणि परक्या माणसांची खबर ही कामे होती, आणि ती घरात शिरल्यावाचून होत नसत. याच संदर्भात घाशीराम कोतवालाचे प्रकरण सांगितले जाते. ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस दक्षिणेसाठी आलेल्या तैलंगी ब्राह्मणांना बागेतली फळे तोडल्यावरून त्याच्या माणसांनी भवानी पेठेत एका कोंदट जागेत कोंडले. त्यांतले बरेच गुदमरून मेले. मृतांचा आकडा निरनिराळ्या वृत्तांतांत वीस ते पंचवीसच्या घरात फिरतो, कोंडलेल्यांचा तीस-पस्तीसच्या. पुढे जमावाने पेशव्यांच्या वाड्याला वेढा दिला, कोतवाल लोकांच्या स्वाधीन झाला आणि दगडांनी ठेचून मारला गेला. पोलिसी चुकीची जबाबदारी ठरवण्याचे पुण्यातले हे पहिले उदाहरण म्हणून ते वारंवार दिले जाते. परंतु तो कोठडीतला मृत्यू होता, छाप्यातला नव्हे. आणि जे झाले त्याला चौकशी म्हणता येत नाही.

दुसरे मत १८९७ च्या प्लेगपासून आरंभ मानते, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. कारण बाहेरून आलेले सशस्त्र पथक, लेखी आदेश, ठरवून घेतलेली घरे आणि झडतीनंतरची तक्रार हा आजच्या छाप्याचा सांगाडा तिथे प्रथम पुरता दिसतो. साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ चा. त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड पुण्याच्या प्लेग समितीवर आला, आणि मार्च ते मे या काळात गोऱ्या सोजिरांच्या तुकड्यांनी पेठांमधली घरे धुंडाळली. तुकडीबरोबर एखादा एतद्देशीय गृहस्थ असावा, अशी योजना होती. घरच्यांचा विश्वास बसावा हा तिचा हेतू असणार. पुढच्या काळातील पंच तिथे ओझरता दिसतो. एरवी पंचांची अट फौजदारी प्रक्रियेची. १८९८ च्या संहितेच्या कलम १०३ मध्ये ती आहे.

या झडत्यांविषयीच्या तक्रारींचे पुढे काय झाले, हे जबाबदारीच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप जाहीरपणे केला. परतल्यावर पुरावा मागितला गेला तेव्हा पत्रे लिहिणारे पुढे येईनात, आणि गोखल्यांना माफी मागावी लागली. तक्रारी लावून धरणाऱ्या सरदार नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली खटल्याविना अडकवण्यात आले. टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. झडतीत काय घडले याचा मात्र निवाडा झाला नाही. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तो ३ जुलैला वारला. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. तो रँड समजून मारला गेला असे एक मत आहे. वृत्तांत परस्परांशी जुळत नाहीत.

दार ठोठावण्याची अट : सशस्त्र छाप्यातला सर्वांत नाजूक प्रश्न दाराशी उभा राहतो. सांगून शिरावे तर आतला माणूस पळतो, पुरावा जाळतो किंवा गोळी झाडतो. न सांगता शिरावे तर आतला निरपराध माणूस पोलिसांनाच दरोडेखोर समजतो. १६०४ च्या सेमेनच्या खटल्यात इंग्लिश न्यायालयाने, दार फोडण्यापूर्वी अधिकाऱ्याने आपण कोण व कशासाठी आलो हे सांगून दार उघडण्याची मागणी करावी, असे म्हटले. हेच सूत्र १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४७ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४ मध्ये आहे: अधिकार व हेतू कळवूनही प्रवेश मिळाला नाही, तरच आतले-बाहेरचे दार किंवा खिडकी फोडता येते. आत रूढीमुळे बाहेर लोकांत न येणारी स्त्री राहत असेल, तर तिला बाजूला होण्याची सूचना व सवड आधी द्यावी लागते. अमेरिकेतील न ठोठावता शिरण्याच्या वॉरंटासारखी सोय भारतीय संहितेत नाही. तिथे १३ मार्च २०२० रोजी लुईव्हिल येथे मध्यरात्रीनंतरच्या छाप्यात ब्रिऑना टेलर ही तरुणी स्वतःच्या घरात मारली गेली, आणि त्यानंतर त्या शहराने अशा वॉरंटांवर बंदी घातली.

अटक करताना लागेल तेवढे बळ वापरता येते, पण मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा जीव घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही (पूर्वीचे कलम ४६, आता ४३). चुकीच्या घरातला माणूस तर कोणत्याच गुन्ह्याचा आरोपी नसतो.

पंच व पंचनामा : झडतीला त्या वस्तीतले दोन प्रतिष्ठित, तटस्थ रहिवासी हजर असावेत, असे जुने कलम १०० व नवे कलम १०३ सांगते. पुण्यात हे काम पुष्कळदा सरकारी किंवा महापालिकेच्या नोकरांवर येते. शेजारी सहसा तयार होत नाहीत, कारण पुढे वर्षानुवर्षे शिवाजीनगर कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतात. ऑगस्ट २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी अनेक शहरांत एकाच वेळी झडत्या घेतल्या, तेव्हा पंच पुण्याहूनच नेले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ सप्टेंबर २०१८ च्या निकालातील आपल्या भिन्नमत-पत्रात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी यावर बोट ठेवले. बहुमताने मात्र तपासात हस्तक्षेप नाकारला. मराठी कागद दिल्लीतल्या आरोपीला व दंडाधिकाऱ्याला कसे कळावेत, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढेही आला होता.

अशा त्रुटींचा खटल्यावर परिणाम बेताचाच होतो. पूरणमल प्रकरणापासून (१९७३) बेकायदा झडतीतला पुरावाही, तो संबद्ध असेल तर, ग्राह्य धरला जातो. नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण सक्तीचे केले आहे. ते मोबाइलवर चालते.

बातमी आणि पत्ता : पुण्यातल्या फिर्यादींमध्ये एक वाक्य ठरलेले असते: 'गोपनीय बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाल्याने'. ही खात्री कशी केली, हे पुढे क्वचितच येते. पेठेतल्या जुन्या वाड्यात एका सिटी सर्व्हे नंबराखाली दहा-बारा बिऱ्हाडे असू शकतात. कोंढवा, कात्रज, येवलेवाडीकडच्या गुंठेवारीत (गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या वस्तीत) पत्ता म्हणजे सर्व्हे नंबर, गल्ली नंबर आणि एखाद्या मंदिराच्या किंवा किराणा दुकानाच्या मागे. तिसरा मजला म्हणताना तळमजला मोजायचा की नाही, यावर खबऱ्या आणि फौजदार यांचा हिशेब एकाने चुकू शकतो. दार तेच, लोखंडी जाळीचे, चपलांचा स्टँड तोच, आत अंधार. विटेची एकेरी भिंत नऊ मिलिमीटरची गोळी अडवीलच असे नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीत झोपलेलाही धोक्यात असतो. जागेची दोन दिवस टेहळणी करणे हा यावरचा जुना उपाय आहे, आणि तो हत्यारांपेक्षा स्वस्त पडतो.

उलट बाजूची, म्हणजे बेसावधपणाची, चूकही होते. जुलै २०२३ मध्ये कोथरूडला दुचाकी चोरताना पकडलेल्या तिघांना झडतीसाठी कोंढव्यातल्या घराकडे नेताना एक जण निसटला. हे राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवे असलेले आरोपी असल्याचे नंतर कळले. ३ जुलै २०२० रोजी कानपूरजवळच्या बिकरू गावी छाप्याची बातमी आधीच फुटल्याने आठ पोलीस मारले गेले.

पथके : पुणे शहरात आयुक्तालय १९६५ मध्ये आले, पिंपरी-चिंचवडचे २०१८ मध्ये वेगळे झाले. साधा छापा ठाण्याचे तपास पथक ('डीबी') किंवा गुन्हे शाखेचे युनिट घालते. शस्त्रधारी प्रतिकाराची शक्यता असल्यास शीघ्र प्रतिसाद पथक, म्हणजे 'क्यूआरटी', बोलावतात. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर उभे राहिलेले राज्याचे फोर्स वन मुंबईत आहे. ग्रामीण हद्दीत स्थानिक गुन्हे शाखा हे काम पाहते.

जबाबदारी : चुकीच्या ओळखीतून झालेल्या मृत्यूचा भारतातला मुख्य निवाडा दिल्लीचा आहे. ३१ मार्च १९९७ रोजी कॅनॉट प्लेसमध्ये गुन्हे शाखेने एक मोटार गुंडाची समजून गोळीबार केला. दोन व्यापारी ठार झाले. मोटारीतून आधी गोळी आली, हा पोलिसांचा दावा खोटा ठरला. सहायक आयुक्तासह दहा जणांना २००७ मध्ये खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तथ्याविषयीचा प्रामाणिक गैरसमज हा बचाव कायद्यात आहे (आता भारतीय न्याय संहिता, कलमे १४ व १७), पण बनाव उघडा पडल्यावर तो उरत नाही. लंडनमध्ये २२ जुलै २००५ रोजी झाँ शार्ल द मेनेझेस याला आत्मघाती हल्लेखोर समजून मारले गेले. तिथे एकाही अधिकाऱ्यावर वैयक्तिक खटला झाला नाही. कामाच्या सुरक्षिततेच्या कायद्याखाली संपूर्ण पोलीस दलाला १,७५,००० पौंड दंड झाला. आपल्याकडे या प्रकारची संस्थागत शिक्षा नाही.

पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र (२३ सप्टेंबर २०१४) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पोलीस चकमकीतील मृत्यूंविषयी सोळा सूचना दिल्या. बातमीची नोंद, मृत्यू झाल्यास गुन्हा दाखल करणे, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास, दंडाधिकारी चौकशी, शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करणे, आणि शौर्याविषयीचा संशय फिटेपर्यंत पाळीबाहेरची बढती किंवा शौर्यपदक न देणे या त्यांतल्या प्रमुख होत. मात्र बातमीच्या नोंदीत संशयिताचा किंवा जागेचा तपशील असणे आवश्यक नाही, असेही त्यात म्हटले आहे. खबऱ्याच्या जिवासाठी ही सवलत योग्य असेल. परंतु चुकीचे दार फोडले गेले, तर मुळात कोणते दार सांगितले होते हे पडताळण्याचा कागद त्यामुळेच नसतो.

राज्य सीआयडीचे मुख्यालय पुण्यातच आहे, तसेच प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा गणेशखिंडीत. त्यामुळे राज्यातल्या इतर भागांतली अशी प्रकरणेही कागदोपत्री पुण्यात येतात. पोलिसांवरील खटल्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी लागते. नव्या संहितेच्या कलम २१८ नुसार १२० दिवसांत निर्णय न झाल्यास ती दिली असे मानले जाते. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाशसिंह निकालानंतर (२००६) महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य व विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे निर्माण केली. नुकसानभरपाई रिट अर्जातून किंवा मानवी हक्क आयोगाकडून मिळू शकते. फोडलेल्या दाराची भरपाई घरमालकाला वेगळ्या दिवाणी दाव्यातून मागावी लागते.